न बांधलेल्या रस्त्यावरची रहदारी

एखादा पूल, मेट्रोची मार्गिका किंवा शहराबाहेरून जाणारा वळणरस्ता बांधायला घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : वीस वर्षांनी यावरून रोज किती माणसे जातील? रस्ता किती पदरी, गाडीला डबे किती, तिकीट किती, कर्ज किती, हे सगळे त्या एका आकड्यावर बेतलेले असते. तो काढण्यासाठी जी संगणकीय साधने वापरतात ती प्रवासमागणीच्या अंदाजाची सॉफ्टवेअर. एमी, क्यूब, ट्रान्सकॅड, व्हिसम ही त्यांतली जगभर चालणारी नावे. ती शिकवणारे अभ्यासक्रम कंपनीच्या तीन-चार दिवसांच्या वर्गापासून अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या दोन वर्षांच्या एम.टेक.पर्यंत पसरलेले आहेत.

या साधनांचा एक गुणधर्म शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळायला हवा. सॉफ्टवेअर नेहमी उत्तर देते. एकदिशा मार्ग उलटा काढला, बसचे भाडे चुकून शून्य टाकले, दोन उपनगरांमधला खाडीपूल नकाशात जोडायचा राहिला, तरी गणित पुरे होते आणि पडद्यावर जाडबारीक रंगीत पट्ट्यांचा देखणा नकाशा उमटतो. आज्ञावली कशा चालवायच्या हे आठवड्याभरात येते. समोर आलेल्या आकड्यावर शंका घेता यायला मात्र वर्षे लागतात, आणि अभ्यासक्रमाची खरी परीक्षा तिथेच असते.

दोन आठवड्यांचा वर्ग

ही विद्या अमेरिकेत मोटारींचा पूर आला त्या काळात आकाराला आली. १९४४ साली टल्सा, लिटल रॉक, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स अशा काही शहरांत घरोघरी जाऊन ‘काल तुम्ही कुठून कुठे, कशाने, कशासाठी गेलात’ असे विचारण्याची पद्धत सुरू झाली. त्याआधी रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या जात. पण मोजलेली गाडी कुठून निघाली आणि कुठे चालली हे त्यातून कळत नसे. १९५३ ते १९५५ या काळात डेट्रॉइटमध्ये जे. डग्लस कॅरोल यांच्या नेतृत्वाखाली मोठा अभ्यास झाला. मग कॅरोल शिकागोला गेले आणि तिथल्या अभ्यासात या पद्धतीला आजचे रूप आले. शिकागोच्या चमूकडे कार्टोग्राफाट्रॉन नावाचे एक यंत्र होते. मुलाखतींतून मिळालेली प्रत्येक फेरी ते पडद्यावर उजेडाच्या रेघेसारखी काढी आणि त्याचे छायाचित्र घेतले जाई. लाखो रेघा एकावर एक पडून शहराची ये-जा डोळ्यांना दिसू लागली.

या दशकात बाकीचे तुकडेही जुळत गेले. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ साली वाहनचालक वाटा कशा निवडतात याचे तत्त्व मांडले. १९५५ साली अ‍ॅलन व्हूरहीस यांनी न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाशी मिळताजुळता नियम शहरातल्या प्रवासाला लावला. १९५७ च्या सुमारास एडवर्ड मूर यांची, जाळ्यातली सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत आली. तिच्यामुळे संगणकाला हजारो चौकांतून वाट काढता येऊ लागली.

प्रशिक्षणाची गरज मात्र कायद्याने निर्माण केली. अमेरिकेच्या १९६२ च्या महामार्ग कायद्यात अशी अट आली की पन्नास हजारांहून जास्त वस्तीच्या शहरी भागाला केंद्राचा रस्तेनिधी हवा असेल तर तिथे सातत्याचे, सर्वंकष आणि सर्व यंत्रणांच्या सहकार्याने चालणारे वाहतूक नियोजन असले पाहिजे. मुदत होती १ जुलै १९६५. कायद्याखाली येणारे शहरी भाग २२४ होते आणि हे काम जाणणारी माणसे डेट्रॉइट-शिकागोसारख्या मोजक्या ठिकाणी. तेव्हा केंद्राच्या सार्वजनिक रस्ते विभागाने दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला, विभागाचेच अभियंते शिक्षक म्हणून उभे केले, कार्यपद्धतीच्या पुस्तिका छापल्या आणि संगणकाचे प्रोग्राम राज्यांना वाटले. मुदतीच्या दिवशी सर्व २२४ भागांत काम सुरू झालेले होते. पुस्तिका, प्रोग्राम आणि वर्ग हे त्रिकूट तेव्हापासून सुटलेले नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकी सरकारचा यूटीपीएस हा प्रोग्रामसंच मोठ्या आयबीएम संगणकांवर चाले. ऐंशीच्या दशकात छोटे संगणक टेबलावर आले आणि हा कारभार कंपन्यांकडे गेला. त्यातल्या कित्येकींची मुळे विद्यापीठांत आहेत. एमी हे मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन केंद्रात मायकेल फ्लोरियन आणि सहकाऱ्यांच्या हातून घडले. ब्रिटनमध्ये गाजलेले सॅटर्न लीड्स विद्यापीठाचे. व्हिसम आणि व्हिसिम करणारी पीटीव्ही ही कंपनी जर्मनीतल्या कार्ल्सरूहची, ट्रान्सकॅड करणारी कॅलिपर मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनची. ट्रानप्लॅन, मिनयूटीपी आणि ट्रिप्स या जुन्या संचांचा वारसा क्यूबकडे आला. पुढे क्यूब २०१९ मध्ये आणि एमी २०२१ मध्ये बेंटली या एकाच कंपनीकडे गेले. मालक बदलतात, खिडक्यांची रचना बदलते, आतले गणित फारसे बदलत नाही. म्हणून एक सॉफ्टवेअर नीट शिकलेला माणूस दुसरे महिन्याभरात हाताळू लागतो.

चार पायऱ्या, वहीवर

बहुतेक वर्ग अजूनही शिकागोच्या काळातल्या चार पायऱ्यांनी सुरू होतात. शहराचे लहान लहान भाग पाडायचे, त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनमधून किती फेऱ्या निघतील आणि किती येतील, ही पहिली पायरी. कुठल्या झोनमधून कुठल्या झोनमध्ये किती जातील, ही दुसरी. त्यातले किती लोक बसने, किती रेल्वेने, किती दुचाकीने जातील, ही तिसरी. आणि ते नेमक्या कुठल्या रस्त्याने जातील, ही चौथी. चांगला शिक्षक या चारही पायऱ्या आधी वहीवर करायला लावतो.

पहिली पायरी सोपी दिसते. घरात माणसे किती, कमावती किती, वाहने किती, यावरून त्या घरातून रोज किती फेऱ्या निघतात याचा तक्ता बनवायचा आणि त्याला झोनमधल्या घरांच्या संख्येने गुणायचे. अडचण असते ती भविष्यातल्या घरांच्या संख्येत. आज शेत असलेल्या जागी वीस वर्षांनी किती इमारती उभ्या असतील, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. विकास आराखड्यातून ते उचलावे लागते, आणि आराखडे बहुधा आशावादी असतात.

दुसऱ्या पायरीसाठी व्हूरहीस यांचा गुरुत्वाचा नियम येतो. एका वस्तीतून सकाळी ९०० माणसे कामाला निघतात असे धरू. एका दिशेला २० मिनिटांवर ४,००० नोकऱ्या आहेत, दुसऱ्या दिशेला ३० मिनिटांवर ९,०००. वेळेच्या वर्गाने भागले तर पहिल्याचे ओढबळ ४,००० भागिले ४००, म्हणजे १०. दुसऱ्याचेही ९,००० भागिले ९००, म्हणजे १०. माणसे निम्मी-निम्मी वाटली जातील, ४५० आणि ४५०. आता दुसऱ्या दिशेचा रस्ता सुधारला आणि ३० मिनिटांचा प्रवास २५ वर आला. ओढबळ १४.४ होते आणि तिकडे जाणारे ४५० चे सुमारे ५३० होतात. रस्ता सुधारल्यामुळे गर्दी दुसरीकडून फक्त सरकली असे झाले नाही. लोकांनी नोकरीची जागाच बदलली. हे उदाहरण वहीवर सोडवलेल्या विद्यार्थ्याला ‘रस्ता रुंद केला तरी पुन्हा का भरतो’ हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच पायरीवर फर्नेस यांची १९६५ ची रीतही शिकवतात : तक्त्याच्या ओळींची बेरीज जुळवली की स्तंभांची बिघडते, स्तंभांची जुळवली की ओळींची, आणि असे चार-सहा वेळा केले की दोन्ही जवळपास जुळतात. तीन ओळी आणि तीन स्तंभांचा तक्ता घेऊन तासाभरात हे हाताने होते. नंतर हजार झोनचा तक्ता संगणक क्षणात जुळवतो तेव्हा आत काय चालले आहे ते माहीत असते.

तिसऱ्या पायरीवर जरा थांबायला हवे, कारण इथे माणसाचे मन गणितात येते. प्रत्येक साधनाला एक उपयुक्तता असते : वेळ, पैसा, वाट पाहणे, चालणे, गाडी बदलणे हे सगळे योग्य वजन देऊन एकत्र केलेला आकडा. दोन साधनांची उपयुक्तता सारखी असेल तर लोक अर्धे-अर्धे वाटले जातात. फरक एका एककाचा असेल तर लॉजिट नावाच्या सूत्राप्रमाणे ७३ टक्के चांगल्या साधनाकडे जातात. या विचाराला भक्कम पाया दिला डॅनियल मॅकफॅडन यांनी. सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट ही नवी रेल्वे सुरू होत असताना त्यांच्या चमूने लोकांच्या मुलाखतींवरून अंदाज केला की कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक बार्टने जातील. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात ६.२ टक्के लोक गेले. मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि तेव्हापासून हा दाखला जवळजवळ प्रत्येक वर्गात दिला जातो.

त्याच्या जोडीला लॉजिटचा दोषही शिकवला पाहिजे, आणि तो शिकवण्यासाठी एक छोटे कोडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. एका गावात निम्मे लोक मोटारीने जातात आणि निम्मे निळ्या बसने. त्याच मार्गावर, त्याच भाड्यात, त्याच वेळापत्रकाची एक लाल बस सुरू झाली. साधे लॉजिट म्हणते की आता तिघांना एक-एक तृतीयांश वाटा मिळेल. पण नुसता रंग बदललेली बस आली म्हणून मोटार कोण सोडील? बसचे जुने प्रवासीच दोन रंगांत विभागले जातील. सूत्राला दोन बसमधले साम्य कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे सारखी साधने एका घरट्यात ठेवायची. त्याला नेस्टेड लॉजिट म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. एसी बस आणि साधी बस, शेअर रिक्षा आणि मीटरची रिक्षा, जलद लोकल आणि धीमी लोकल, यांतली कुठली जोडी एका घरट्यातली आणि कुठली वेगळी, हे ठरवण्यावर अंदाज खालीवर होतो. या पायरीच्या सखोल अभ्यासासाठी एमआयटीतले मोशे बेन-अकिव्हा आणि लोझानच्या तंत्रविद्यापीठातले मिशेल बिअर्लेर यांचे वर्ग नावाजलेले आहेत. बिअर्लेर यांचे बायोजिम हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.

वाट निवडण्याचे गणित

चौथी पायरी सगळ्यांत जास्त संगणकवेळ खाते आणि विद्यार्थ्यांना सगळ्यांत जास्त आवडते. वॉर्ड्रॉप यांचे पहिले तत्त्व साध्या शब्दांत असे : दोन ठिकाणांमधल्या ज्या ज्या वाटा वापरात आहेत त्या सगळ्यांना शेवटी सारखाच वेळ लागतो, आणि वापरात नसलेल्या वाटेने त्याहून कमी वेळात जाता येत नाही. कारण एखादी वाट जलद राहिली असती तर लोक तिकडे वळले असते, ती भरली असती आणि तिचा वेळ वाढला असता. हा समतोल गाठायचा तर गर्दीने वेळ कसा वाढतो याचे सूत्र हवे. १९६४ साली अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने दिलेले सूत्र आजही सगळीकडे चालते. मोकळ्या रस्त्याने २० मिनिटे लागत असतील, तर क्षमतेइतकी वाहने आल्यावर २३ मिनिटे लागतात, दीडपट आल्यावर ३५ आणि दुप्पट आल्यावर ६८. आधी हळू आणि मग अंगावर येणारी ही वाढ रोज शहरात गाडी चालवणाऱ्याच्या ओळखीची असते.

सरावासाठी एक जाळे जगभर वापरले जाते. १९७५ साली लॅरी लेब्लाँक आणि सहकाऱ्यांनी साउथ डकोटातल्या सू फॉल्स या गावाचे २४ नोड (चौक) आणि ७६ लिंक (रस्त्यांचे तुकडे) असलेले रूप आपल्या शोधनिबंधात मांडले. त्यात गावाचे सगळे रस्ते नाहीत. तरीही पन्नास वर्षे नव्या पद्धती याच जाळ्यावर पडताळल्या जातात, आणि पुण्यात किंवा मुंबईत शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही न पाहिलेल्या त्या गावाचे चौक तोंडपाठ होतात.

दुसरा सराव ब्रेस यांच्या विरोधाभासाचा. जर्मन गणिती डीट्रिख ब्रेस यांनी तो १९६८ साली मांडला. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला दोन वाटा आहेत. प्रत्येकीत एक अरुंद तुकडा आहे, ज्याला लागणारी मिनिटे म्हणजे गाड्यांची संख्या भागिले शंभर, आणि एक रुंद तुकडा आहे, ज्याला नेहमी ४५ मिनिटे लागतात. पहिल्या वाटेत अरुंद तुकडा आधी येतो, दुसरीत नंतर. ४,००० गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या तर प्रत्येकाला २० अधिक ४५, म्हणजे ६५ मिनिटे लागतात. आता दोन वाटांच्या मधोमध, काहीच वेळ न लागणारा एक जोडरस्ता बांधला. प्रत्येक चालकाला वाटते की दोन्ही अरुंद तुकडे घेतले तर ४५ मिनिटांचा तुकडा टळेल. सगळेच तसे करतात, दोन्ही अरुंद तुकड्यांवर ४,००० गाड्या येतात आणि प्रवास ४० अधिक ४०, म्हणजे ८० मिनिटांचा होतो. नवा रस्ता बांधला आणि प्रत्येकाचा वेळ पाव तासाने वाढला. सॉफ्टवेअरमध्ये ही चार नोडची आकृती काढून जोडरस्ता घालताकाढता येतो, आणि वर्गात पहिल्यांदा खरा वाद होतो तो बहुधा इथे.

आधी आजचे जुळवा

उद्याचा अंदाज सांगण्यापूर्वी मॉडेलने, म्हणजे चार पायऱ्यांच्या या गणिताने, आजची रहदारी बरोबर दाखवली पाहिजे. अभ्यासक्रमाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा भाग हाच. जाळे आता बहुधा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून उतरवून घेतात, आणि चुका तिथूनच शिरतात. उड्डाणपूल आणि खालचा रस्ता नकाशात एकमेकांना छेदतात. तिथे चुकून चौक तयार झाला तर मॉडेलमधल्या गाड्या पुलावरून थेट खाली उतरू लागतात. झोनचा मध्यबिंदू ज्या कनेक्टरने रस्त्याला जोडतात तो चुकीच्या ठिकाणी लागला तर एका वसाहतीची सगळी रहदारी एकाच गल्लीतून बाहेर पडते. हे आकड्यांत शोधणे कठीण. नकाशावर वाटा एकेक करून काढून पाहाव्या लागतात. ज्याला शहर पायाखालचे आहे त्याला चूक लगेच दिसते.

मग मोजणीशी तुलना. त्यासाठी ब्रिटनमध्ये रूढ झालेला जीईएच हा निकष सगळीकडे शिकवतात. जेफ्री हॅव्हर्स यांच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. मॉडेल आणि मोजणी यांतल्या फरकाचा वर्ग दुप्पट करायचा, त्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. तासाला १,००० वाहने मोजलेल्या रस्त्यावर मॉडेलने १,१०० दाखवली तर उत्तर सुमारे ३.१ येते, आणि ५ च्या आतले उत्तर चांगले मानतात. पण ५० वाहनांच्या गल्लीत मॉडेलने १५० दाखवली तर फरक तोच शंभराचा असूनही उत्तर १० येते. मोठ्या रस्त्यावरचा शंभराचा फरक आणि गल्लीतला शंभराचा फरक सारखा नव्हे, हे एका सूत्रात बसवलेले आहे. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार ८५ टक्के ठिकाणी तरी हे मूल्य ५ च्या खाली असावे.

इथे एक मोह असतो आणि शिक्षकाने त्याबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये फेऱ्यांचा तक्ता मोजणीला जुळेपर्यंत आपोआप दुरुस्त करणारी सोय असते. ती चालवली की सगळे निकष झटकन पास होतात. पण जाळ्यातली चूक तशीच राहते, आणि ती झाकण्यासाठी तक्त्यात खोट्या फेऱ्या शिरतात. आजचे चित्र जुळते, उद्याचे बिघडते. म्हणून काही मोजणीची ठिकाणे जुळवणीतून मुद्दाम वगळायची आणि शेवटी फक्त त्यांच्यावर मॉडेल तपासायचे, ही शिस्त अंगवळणी पाडावी लागते.

भारतातला अभ्यास

भारतात मागणी वाढली ती शहरी वाहतुकीचे आराखडे सक्तीचे होत गेल्यावर. २००६ साली राष्ट्रीय शहरी परिवहन धोरण आले, आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने मेट्रोचा प्रस्ताव पाठवण्याआधी सर्वंकष गतिशीलता आराखडा आणि पर्यायांची तुलना आवश्यक केली. दोन्हींसाठी मॉडेल लागते. आयआयटी मुंबई, नागपूरचे व्हीएनआयटी, दिल्लीतली केंद्रीय रस्ते संशोधन संस्था अशा ठिकाणी हे विषय शिकवले जातात. आयआयटी मुंबईतले टॉम मॅथ्यू आणि के. व्ही. कृष्णराव यांच्या वाहतूक अभियांत्रिकीच्या पाठांत चारही पायऱ्या सोडवलेल्या उदाहरणांसह येतात. ते पाठ एनपीटीईएल या ऑनलाइन पाठमालेवर खुले असल्याने गावातल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींपर्यंत पोहोचले. देशातल्या या विषयाच्या शिक्षणावर या एका गोष्टीचा मोठा उपकार आहे.

पाश्चात्त्य सॉफ्टवेअर जसेच्या तसे इथे चालवता येत नाही, आणि भारतीय वर्गात सर्वांत जास्त वेळ त्यावर गेला पाहिजे. पहिला प्रश्न वाहन मोजण्याचा. रस्त्यावर मोटार, रिक्षा, दुचाकी, बस, हातगाडी एकत्र चालतात, तेव्हा सगळ्यांना मोटारीच्या एककात बदलतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकीचे एकक, रहदारीत तिचा वाटा किती यानुसार, ०.५ ते ०.७५ धरले आहे, रिक्षाचे १.२ ते २, बस-ट्रकचे २.२ ते ३.७. म्हणजे पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात ०.५ घेतले की ०.७५, यावर तोच रस्ता मोकळा किंवा तुंबलेला दिसतो. देशी मोजमापांवर आधारलेली रस्ते-क्षमतेची पुस्तिका, इंडो-एचसीएम, केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ साली आली, आणि उसन्या आकड्यांवरचे अवलंबन कमी झाले.

दुसरा प्रश्न चालण्याचा. भारतीय शहरांत फेऱ्यांचा फार मोठा हिस्सा पायी होतो. मोटारींसाठी बनलेल्या पद्धतीत चालणे म्हणजे बसथांब्यापर्यंत जाण्याचे साधन एवढेच. झोन मोठे ठेवले की झोनच्या आतल्या पायी फेऱ्या जाळ्यावर येतच नाहीत, आणि मग पदपथांची गरजही अहवालात दिसत नाही. झोन किती लहान ठेवायचे हा तांत्रिक निर्णय वाटतो, पण कोणाचा प्रवास मोजला जाईल हे त्यानेच ठरते.

तिसरा प्रश्न मुंबईच्या लोकलने उभा केला आहे. गर्दीच्या वेळी डब्यात उभ्या प्रवाशांची दाटी चौरस मीटरला १४ ते १६ माणसांपर्यंत जाते. नेहमीचे सार्वजनिक वाहतुकीचे गणित प्रवाशाला सर्वांत कमी वेळाच्या गाडीत बसवते. गाडीत शिरता येईल की नाही हे ते विचारत नाही. बसायला जागा मिळावी म्हणून मधल्या स्थानकावरचे लोक आधी उलट्या दिशेने, गाडी जिथून सुटते तिथपर्यंत जातात आणि तिथून तीच गाडी धरून परत येतात. त्यांचा वेळ वाढतो, मासिक पास असल्याने खर्च फारसा वाढत नाही, आणि जागा मिळते. कुठलीही जवळची वाट शोधणारी रीत हा प्रवास आपणहून शोधू शकत नाही. गर्दीला वेळेचे मोल लावले, उभे राहण्याचे एक मिनिट बसण्याच्या एका मिनिटापेक्षा जड धरले, तरच मॉडेलमध्ये असा प्रवासी जन्माला येतो. ठाणे-डोंबिवलीकडून येणारा विद्यार्थी वर्गात असेल तर शिक्षकाने हा धडा त्याच्याकडून ऐकावा.

धावणाऱ्या गाड्या आणि खुली साधने

वरच्या सगळ्या पद्धतीत गाड्या म्हणजे आकडे. प्रत्येक गाडी पडद्यावर धावताना दाखवणारी सूक्ष्म अनुकरणाची सॉफ्टवेअर वेगळी शिकवतात. त्यांतले व्हिसिम हे राइनर विडेमान यांनी १९७४ साली कार्ल्सरूहमध्ये मांडलेल्या, पुढच्या गाडीमागे चालक कसा चालतो याच्या नियमावर उभे आहे. चौक, सिग्नल, टोलनाका यांच्यासाठी ही साधने उत्तम. नवख्याची नेहमीची चूक म्हणजे एकदाच चालवून आलेले उत्तर खरे मानणे. गाड्या येण्याचे क्षण यादृच्छिक असतात, तेव्हा वेगवेगळ्या बीज-आकड्यांनी (यादृच्छिक क्रम जिथून सुरू होतो त्या आकड्यांनी) दहा-वीस वेळा चालवून सरासरी आणि पसारा दोन्ही पाहावे लागतात. शिवाय मूळ नियम मार्गिका पाळणाऱ्या चालकांचे. रिक्षा आणि दुचाकी मधल्या फटीतून पुढे येऊन सिग्नलपाशी जमतात, ते दाखवायचे तर बाजूचे अंतर, एकाच मार्गिकेत ओव्हरटेक, वाहनांची लांबी-रुंदी असे बरेच आकडे स्थानिक चित्रीकरणावरून ठरवावे लागतात.

परवान्याची किंमत हा लहान संस्थांचा जुना अडसर आहे. जर्मन अवकाश केंद्राचे सुमो हे अनुकरणाचे साधन २००१ पासून खुले आहे. झ्युरिक आणि बर्लिनच्या विद्यापीठांतून वाढलेले मॅटसिम एकेका माणसाचा दिवस घडवते. घरातून शाळेत मूल सोडून ऑफिस, परतताना भाजी आणि औषध घेऊन घर, अशी साखळी चार पायऱ्यांच्या पद्धतीत तुकड्यांत मोडते. दिवसभराच्या कामांवर आधारलेल्या मॉडेलमध्ये ती अखंड राहते. बायकांच्या प्रवासात अशा साखळ्या जास्त आढळतात, म्हणून कोणाचा प्रवास समजला जातो हा प्रश्न इथेही आहेच. या साधनांना प्रोग्रामिंगची ओळख लागते, आणि नव्या अभ्यासक्रमांत पहिला आठवडा तिच्यावर जातो.

अंदाज आणि प्रत्यक्ष

२००५ साली बेंट फ्लूबियर्ग आणि सहकाऱ्यांनी १४ देशांतल्या २१० प्रकल्पांचे अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. रेल्वे प्रकल्पांत दहापैकी नऊ ठिकाणी प्रवासीसंख्या फुगवलेली होती. सरासरीने पाहता प्रत्यक्ष प्रवासी अंदाजाच्या जवळपास निम्मे. निम्म्या रस्ते प्रकल्पांत फरक २० टक्क्यांहून जास्त होता. इतक्या वर्षांत संगणक वाढले तरी अंदाज सुधारल्याचे त्यांना दिसले नाही. यातला काही दोष गणिताचा, काही आशावादी गृहीतकांचा, आणि काही हवा तो आकडा मिळवण्याच्या दबावाचा. हा अभ्यास शिकवला गेला नाही तर बाकीचे शिक्षण अपुरे राहते, कारण दबाव सहन करणारा माणूस तोच असतो जो संगणकासमोर बसलेला असतो.

म्हणून चांगल्या अभ्यासक्रमाचे शेवटचे दिवस गृहीतके हलवून पाहण्यात जातात. लोकसंख्या दहा टक्क्यांनी कमी धरली तर? भाडे दीडपट झाले तर? मेट्रोला समांतर धावणारी बस बंद झालीच नाही तर? प्रत्येक वेळी मॉडेल पुन्हा चालवायचे आणि एका आकड्याच्या जागी पट्टा सांगायचा : इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि कुठल्या गृहीतकाने तो सर्वांत जास्त हलतो. त्यासोबत नोंदवही : कुठला तक्ता कुठल्या वर्षाचा, कुठला आकडा मोजलेला, कुठला उसना घेतलेला, कुठे हाताने दुरुस्ती केली आणि का. मग सगळ्या फाइली आणि ती वही वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायची. पहिल्याला एक शब्दही न विचारता त्याला तेच उत्तर काढता आले, तर काम पुरे झाले.